एक कप्पा रिकामा

मी चपला ठेवायची एक जुनी लाकडी मांडणी आहे. एका बालवाडीत, दारातून आत शिरल्या शिरल्या उजव्या हाताला, भिंतीला पाठ लावून मी उभी असते. कुणी मला रॅक म्हणतं, कुणी स्टँड. मी कशालाही ओ देते, पण मांडणी म्हटलं की मला जरा बरं वाटतं. मित्रांनो, चपला सांभाळणं हे काही मिरवण्यासारखं काम नाही, हे मलाही ठाऊक आहे. फळ्याला मान असतो, पुस्तकांना मान असतो. माझ्या वाट्याला चिखल, वाळू आणि ओल्या मोज्यांचा वास. मला नाक असतं तर मी केव्हाच गाशा गुंडाळला असता.

एका मोठ्या शाळेतले मोडके बाक सुतारकाकांकडे आले होते. त्यांच्या फळ्यांतून मी झाले. माझ्या एका फळीवर कर्कटकानं कोरलेली कुणाची तरी आद्याक्षरं अजून आहेत. सुतारकाकांनी रंधा मारला, पॉलिशपेपरनं घासलं, तरी ती काही गेली नाहीत, तेव्हा त्यांनी नाद सोडला. मला बनवायच्या आधी ते माप घ्यायला बालवाडीत आले होते.

"किती उंच करू?" त्यांनी ताईंना विचारलं. ताई म्हणजे इथल्या शिक्षिका.

ताई जमिनीवर गुडघे टेकून बसल्या आणि हनुवटीखाली हात आडवा धरून म्हणाल्या, "एवढी. वरचा कप्पासुद्धा मुलांना टाचा न उचलता दिसला पाहिजे."

"मग मोठ्यांना वाकावं लागेल की हो. कंबरडं मोडेल."

"वाकू दे की. मोठ्यांनी थोडं वाकलं तर कुणाचं काय बिघडतंय?"

हा किस्सा सुतारकाका खिळे ठोकताना येईल त्याला सांगायचे, त्यामुळे माझ्या चांगला लक्षात राहिला. तळव्यांवरून मी बरीच माणसं ओळखते. कोण पाय घासत चालतं, कोण घाईत असतं, कोण एका पायावर जास्त भार टाकतं, ते चपलेची झीज बघून मला कळतं. पण ताईंना मी मानते ती त्या एका वाक्यामुळे.

माझी खरी मालकीण मात्र मावशी. झाडणं, पुसणं, मुलांची नाकं साफ करणं, दुपारी त्यांना झोपवणं ही सगळी कामं तिची. बूट-चपला दारात, हा तिचा नियम, आणि त्याला कुणाचीही सूट नाही. एकदा संस्थेचे अध्यक्ष भाषण द्यायला आले. त्यांनाही मावशीनं बूट काढायला लावले आणि त्यांच्या मोज्यातून अंगठा बाहेर आलेला निघाला. मुलं भाषणभर त्या अंगठ्याकडे बघत बसली. अध्यक्षांनी भाषण लवकर आटपलं, याचं श्रेय मावशी अजून स्वतःकडे घेते.

बालवाडीत येणाऱ्या प्रत्येक मुलाला माझ्यातला एक कप्पा मिळतो. ज्याला जे चित्र हवं ते ताई त्या कप्प्यावर रंगवून देतात. मासा, छत्री, चंद्र, किल्ली. एका मुलानं "आमची स्कूटर" असा हट्ट धरला आणि आरसे दोन्ही बाजूंना आहेत की नाही तेही तपासून घेतलं. आम्ही त्याला स्कूटरवालाच म्हणतो.

मध्यंतरी माझे वाईट दिवसही आले, मित्रांनो. कुणीतरी प्लास्टिकची रंगीत मांडणी भेट दिली आणि मला मागच्या व्हरांड्यात टाकलं. माझ्यावर रंगाचे डबे आले, केरसुणी आली, एक मांजर बाळंत झाली. माझी आठवण कुणी काढत नसे. त्या रंगीत बाईसाहेबांवर मुलं चढून उभी राहिली आणि एके दिवशी ती मधोमध चिरली, तेव्हा मला पुन्हा दारात आणलं. मला वाईट वाटलं असं मी म्हणणार नाही.

मी परत आले त्याच वर्षी, सत्र अर्ध्यावर आलेलं असताना, खारू आली.

खारू हे तिचं घरचं नाव. चार वर्षांची होती. खाताना गालात घास साठवते म्हणून आजोबा तिला तसं म्हणायचे. आजोबांचं बोट तिनं घट्ट धरलं होतं आणि तिच्या पायात निळे बूट होते, वेल्क्रोच्या पट्ट्यांचे, एक नंबर मोठे. कुणीतरी दिलेले असावेत. मी माझा रिकामा कप्पा मनातल्या मनात पुसून ठेवला. पण ती माझ्यासमोर आली आणि थिजून उभी राहिली. मावशीनं बूट काढायला हात पुढे केला तशी ती आजोबांच्या मागे गेली.

"राहू द्या हो," आजोबा हळू आवाजात म्हणाले. "ती नाही काढायची. यांच्या इमारतीला आग लागली होती. हिच्या आईच्या कडेवर धाकटा, त्यामुळे ही जिना चालत उतरली. पायात काही नाही. खिडक्या फुटून पायऱ्यांवर सगळ्या काचा. तेव्हापासून बूट पायातच. झोपतानासुद्धा. आंघोळीला काढते, पण आई ते हातात धरून समोर उभी राहिली तरच."

"लागलं का कुणाला?" मावशीनं विचारलं.

"सगळे वाचले. घर गेलं, आता माझ्याकडे राहतात. लोक म्हणतात, वाचलात ना सगळे, मग आता कशाला बाऊ करायचा. मीही म्हणालो एकदोनदा. तिला ते पटत नाही."

ताई बाहेर आल्या आणि मला बनवायच्या वेळी बसल्या होत्या तशाच जमिनीवर टेकल्या. खारूच्या फार जवळ गेल्या नाहीत. "इथली मुलं बूट काढून आत येतात," त्या म्हणाल्या. "तू घालून ये. काढावेसे वाटले तर काढ. नाही वाटले तर नको काढूस."

मावशीच्या भुवया कपाळात गेल्या. खारू आत गेल्यावर तिनं तोंड उघडलंच. "आज हिला सोडलंत. उद्या सगळी पोरं बूट घालून आत नाचतील. फरशी पुसायची कुणी?"

"मी पुसेन की तुमच्याबरोबर."

"फरशीचं नाही हो एवढं. पण हट्ट पुरवला की वाढतो."

"हट्ट नाहीये तो, मावशी. आग विझलीये हे तिच्या पायांना अजून कळलेलं नाहीये."

 दुसऱ्या दिवशी मावशी ओलं फडकं पिळून दारात बसली. खारू आली तेव्हा म्हणाली, "बूट नकोत ना काढायला? मग नको. खालून पुसू दे फक्त. माझ्या खांद्यावर हात ठेव." खारूनं बराच वेळ फडक्याकडे बघितलं. मग मावशीच्या खांद्यावर हात ठेवून एक पाय उचलला, मग दुसरा. त्यानंतर रोज सकाळी हे चालायचं. मावशी इतकी हळू पुसायची की एवढ्या वेळात तिची अख्खी खोली झाडून झाली असती.

मुलांनी प्रश्न विचारलाच. स्कूटरवाला म्हणाला, "हिला का नाही काढायचे? मला पण नाही काढायचे."

"तुला झोपताना चादरीचं टोक तोंडात लागतं की नाही? तसे तिला बूट लागतात," ताई म्हणाल्या. स्कूटरवाला विषय तिथेच सोडून खेळायला पळाला.

दारातून मला वर्ग अर्धा दिसतो. त्या अर्ध्या वर्गात ताईंना काम करताना बघत राहावं असं मला वाटे. खारूला त्या अशा जागी बसवायच्या की तिला दार दिसेल. काहीही करायच्या आधी सांगायच्या. "आता मी खिडकी लावणार आहे, आवाज होईल." "आता गाणं संपलं की हात धुवायचे." हे त्या सगळ्यांनाच सांगायच्या, त्यामुळे एकट्या खारूसाठी चाललंय असं कुणाला वाटलं नाही. एकदा स्टीलची थाळी पडून दणका झाला आणि खारू मुठी आवळून दारापाशी येऊन उभी राहिली. ताईंनी तिला ओढून आत नेलं नाही, काही झालं नाही असंही म्हणाल्या नाहीत. "थाळी पडली. मोठा आवाज झाला. मीपण दचकले," म्हणाल्या आणि तिच्या शेजारी, थोडं अंतर ठेवून उभ्या राहिल्या. दोघी बराच वेळ अंगण बघत होत्या. मग खारूच आधी आत गेली. अशी समजूत काढणं मी आधी पाहिलं नव्हतं. माझ्यासमोर आईबापांनी हजारदा पोरांना "काही नाही झालं" म्हणून गप्प केलेलं मी ऐकलंय.

तिच्या कप्प्यावर काय चित्र काढायचं, हे ताई अधूनमधून विचारायच्या. एके दिवशी खारू म्हणाली, "दार." ताईंनी तपकिरी दार रंगवलं. खारू म्हणाली, "उघडं." मग ते उघडं झालं. कप्पा मात्र रिकामाच राहिला. इतर सगळे भरलेले आणि मधला एकच रिकामा, पडलेल्या दाताच्या जागेसारखा तो मला सलायचा.

हळूहळू खारू दुपारी सगळ्यांबरोबर आडवी व्हायला लागली. बूट घालूनच, पण झोपायची. आजोबांनी ते ऐकलं तेव्हा दारात उभ्या उभ्या डोळे पुसले. घरी ती दिवसाची झोपत नव्हती, आणि रात्रीची झोपही धड नव्हती.

आणि मग तो दिवस आला. सकाळपासून पाऊस होता. अंगणात खेळून खारूचे बूट आतपर्यंत भिजले होते. दुपारी ती गाढ झोपली. मावशी तिच्या पायाशी बसून होती. ओल्या बुटांत पाय, पोरीला सर्दी होणार, ताप येणार, ही काळजी तिच्या तोंडावर मला इथून दिसत होती. तिनं एक पट्टा अगदी हळू सोडवला, मग दुसरा. बूट निघाले, मोजे निघाले. मावशीनं तिचे पाय पुसले आणि पांघरूण घातलं. बूट स्वच्छ धुतले आणि वाऱ्यावर सुकावेत म्हणून आणून माझ्या त्या कप्प्यात ठेवले.

मित्रांनो, खरं सांगते, मला आनंद झाला. इतक्या दिवसांनी मी पूर्ण भरले होते.

खारू जागी झाली ती पांघरुणातल्या उघड्या पायांना हात लावून. तिची किंकाळी मी आजही विसरलेले नाही. ती दारातून पळत सुटली, माझ्या पुढून गेली, पण तिचं माझ्याकडे लक्षच नव्हतं. तिचे बूट माझ्याकडे होते आणि मला तोंड नव्हतं. ती अनवाणी चिखलातून थेट फाटकापर्यंत गेली आणि तिथे, टाचा वर करून, बोटांवर उभी राहिली. खाली काचा आहेत अशी.

ताई तिच्यामागे धावल्या नाहीत. त्यांनी माझ्यातून बूट घेतले, पावसात चालत गेल्या, थोड्या अंतरावर चिखलात बसल्या आणि बूट मधे ठेवले. "तुझे बूट इथे आहेत. ओले आहेत. मी इथेच बसतेय."  शेवटी खारूनं बूट ओढून पायात घातले, उलटसुलट, आणि मग ती रडली.

दुसऱ्या दिवशी आजोबा एकटे आले. "ती रात्रभर जागी होती," ते म्हणाले. "मी तिला घरीच ठेवतो ताई. तुमचा दोष नाही. पण आता कुठे जरा नीट झोपायला लागली होती, ते सगळं पाण्यात गेलं."

मावशी आतून ऐकत होती. ती बाहेर आली. "दोष माझा आहे. मी चांगल्यासाठीच केलं हो, पण केलं मीच."

"चांगल्यासाठीच केलंत," ताई म्हणाल्या. "पण आपण तिला विचारलं नाही." मग आजोबांकडे वळून म्हणाल्या, "घरी ठेवलंत तर तिच्या मनात हेच राहील, की डोळा लागला की मोठी माणसं बूट काढून घेतात. आमच्याकडून चूक झाली, ती आम्हाला तिच्यासमोर दुरुस्त करू द्या. थोडे दिवस आणून बघा. नाहीच जमलं तर मग तुम्ही म्हणाल तसं."

 पुढच्या आठवड्यात आजोबा खारूला घेऊन आले. ती फाटकाच्या आत यायला तयार नव्हती. तेव्हा मावशी फाटकापर्यंत गेली आणि खाली बसली. मावशीचे गुडघे दुखतात, हे मला तिच्या चपलांवरून ठाऊक आहे. "खारू, माझं चुकलं," ती म्हणाली. "तू झोपली होतीस आणि मी तुला न विचारता बूट काढले. तुला किती भीती वाटली असेल. आता तू सांगितल्याशिवाय मी तुझ्या बुटांना हात लावणार नाही. फडकंसुद्धा नाही."

अध्यक्षांना न घाबरलेली बाई चार वर्षांच्या मुलीची माफी मागत होती. खारू आजोबांचं बोट धरून फाटकाच्या आत आली. त्यानंतर रोज सकाळी मावशी ओलं फडकं घेऊन दारात बसायची, नुसती. खारू तिला वळसा घालून आत जायची. फरशीवर निळ्या बुटांचे चिखलाचे ठसे उमटायचे आणि मावशी मागून ते न कुरकुरता पुसायची. कुणी पालक नाक मुरडून बोललं तर तीच उलट त्यांना सुनावायची, "माझी फरशी आहे, माझं मी बघते." असे कित्येक दिवस गेले. मग एका सकाळी खारू आत जाता जाता थांबली, परत आली, मावशीच्या खांद्यावर हात ठेवला आणि पाय उचलला. मावशीनं पुसायच्या आधी विचारलं, "पुसू?" खारूनं मान हलवली.

त्यानंतर काही दिवसांनी माझ्यासमोर बसूनच खारूनं ताईंना विचारलं, "इथे आग लागली तर?"

नाही गं लागणार, असं कुणीही म्हणालं असतं. ताई म्हणाल्या, "तर आपण सगळे या दारातून बाहेर जायचं. मी सगळ्यांना मोजणार. बुटांसाठी थांबायचं नाही. तुला मी उचलून घेईन."

"आणि खाली काचा असल्या तर?"

"मग तू माझ्या कडेवर. तुझे पाय खाली लागणारच नाहीत."

खारूनं ताईंच्या पायांकडे बघितलं. ताईंच्या चपला माझ्या खालच्या कप्प्यात होत्या. "पण तुझ्याच पायात काही नाही," ती म्हणाली.

ताईंनी स्वतःच्या अनवाणी पायांकडे बघितलं आणि मान हलवली. "खरंच की," त्या म्हणाल्या. "हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. बरं झालं तू सांगितलंस."

दुसऱ्या दिवशी ताई आणि मावशी नवे कापडी बूट घेऊन आल्या, जाड तळव्याचे. रस्त्यावर कधी घालायचे नाहीत, फक्त आत. बाहेरच्या चपला माझ्याकडे दिल्या आणि आतले बूट पायांत चढवले. मावशी म्हणजे स्वतःचा नियम मोडायचा म्हटल्यावर कासावीस होणारी बाई, पण त्या दिवशी मुलांना पाय दाखवत हिंडत होती. खारूनं दोघींना पाय वर करायला लावले आणि तळवे बोटानं दाबून बघितले.

"आणि आजोबा आले असले तर?" तिनं विचारलं.

"त्यांना मी घेते," मावशी म्हणाली. "काडी पैलवान आहेत, काखेत मारून नेईन."

खारू हसली. तिचं हसू मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.

लगेच काही झालं नाही. ती रोज सकाळी दोघींच्या पायांकडे बघून मगच आत जायची. कुणी तिला आता तरी काढ असं म्हणालं नाही, डोळ्यांनीसुद्धा सुचवलं नाही. मोठ्या माणसांना हे किती जड जातं ते मी रोज दारात बघते, म्हणून मला या दोघींचं फार कौतुक वाटतं. मग एके दिवशी, गाणी चालू असताना, खारू एकटीच बाहेर माझ्यापाशी आली. खाली बसली. एक बूट काढला, थोडा वेळ हातात धरला, मग दुसरा काढला. दोन्ही माझ्या उघड्या दाराच्या कप्प्यात ठेवले आणि पाय पोटाशी घेऊन समोर बसून राहिली. मग उठली आणि मोज्यांवर चालत आत गेली.

थोड्या वेळानं मावशी केर काढत आली. मला वाटलं, आता ही ओरडून सगळ्यांना बोलावणार. पण ती नुसती बघत राहिली. खारूनं बुटांचे पट्टे पूर्ण उघडे ठेवले होते, जिभा बाहेर ओढून, म्हणजे पाय टाकला की सरळ आत जावा. उघड्या पट्ट्यांत केर अडकतो म्हणून मावशी एरवी प्रत्येक मुलाचे पट्टे लावून ठेवते, तिचा हात आपोआप तिकडे जातो. तसा तो गेलाही. मग थांबला. मावशीनं खारूच्या बुटांना हात लावला नाही. ती माझ्यासमोर गुडघे मोडून बसली आणि बाकीच्या सगळ्या बुटांचे लावलेले पट्टे एकेक करून सोडत गेली. मासा, चंद्र, छत्री, किल्ली, स्कूटर. नाड्या सैल केल्या, सँडलांचे बंद उघडले. घरी जायच्या वेळी खारू बाहेर आली, तेव्हा तिचेच बूट वेगळे दिसत नव्हते.

आता खारू मोठ्या शाळेत जाते. मी आणखी जुनी झाले आहे, माझा एक पाय डुगडुगतो, चित्रांचे पोपडे निघालेत. मला पुन्हा व्हरांड्यात टाकतील, तर टाकू देत. पण मित्रांनो, तुमच्या वर्गात कुणी दप्तर सोडत नसेल, कुणी कोपऱ्यातून उठत नसेल, कुणी बूट काढत नसेल, तर त्याला ओढू नका आणि हसू नका. त्यामागं काहीतरी असतं, आणि ते सांगायला त्याला वेळ लागतो.

माझ्या कप्प्यांतल्या सगळ्या बुटांचे पट्टे मावशी अजूनही उघडेच ठेवते. नव्या मुलांना वाटतं, बूट असेच ठेवायचे असतात.